नेंगू म्हणजे नक्की काय, आणि "अर्धं पीक सरकारजमा" हे कितपत खरं?

प्रश्न असा आलाय की एका जपानी ऐतिहासिक कादंबरीच्या इंग्रजी भाषांतरात नेंगू हा शब्द भाषांतर न करता तसाच सोडून दिलाय, कोशात बघितलं तर "वार्षिक खंडणी" एवढंच मिळतं, आणि गोष्टीत एक कारकून येऊन "यंदा पाच" एवढंच बोलतो आणि अख्खं गाव हवालदिल होतं. तर हा शेतसारा आहे की आपल्या चौथाईसारखं काही, "पाच" म्हणजे काय, आणि जपानी शेतकऱ्याचं खरंच अर्धं पीक जात होतं का.

मी जपानी शिकवते आणि भाषांतराची कामं करते, त्यात एदो काळातल्या गावांची जुनी कागदपत्रंही येतात, त्यामुळे या शब्दाशी बरीच झटापट झालेली आहे. उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी चौथाईचं मिटवू. चौथाई म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातल्या वसुलातला हिस्सा मागणं. नेंगू तसा नाही, तो आपल्याच सरदारानं आपल्याच ताब्यातल्या गावांकडून दरवर्षी घ्यायचा. म्हणजे साऱ्याच्या जवळचा, पण सारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो सातबारा, खातेदाराचं नाव आणि रोख भरणा. नेंगूमध्ये यातलं काहीच नाही. तो मुख्यतः तांदळात, तो माणसावर नाही तर गावावर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो शेतात उभ्या असलेल्या पिकावर नाही तर दप्तरात लिहिलेल्या एका आकड्यावर. हा आकडा म्हणजे कोकुदाका. कोकुदाका कळला की "यंदा पाच" कळतं, गाव का घाबरलं ते कळतं आणि अर्ध्या पिकाचा हिशोबही लागतो, त्यामुळे मी सगळं तिकडूनच सांगणारे.

(शब्द त्याच्या आधीचा आहे. आठव्या शतकात चीनकडून घेतलेली कायदेव्यवस्था होती, तिच्यात भाताच्या जमिनीवरचा कर उत्पन्नाच्या जेमतेम ३ टक्के होता, खरा बोजा कापड आणि वेठीचा. ती व्यवस्था ढिली पडली, देवळं आणि दरबारी घराण्यांच्या शोएन नावाच्या खाजगी जहागिऱ्या वाढल्या आणि तिथल्या वार्षिक देण्याला नेंगू म्हणायला लागले. तेव्हा तो तांदूळच असायचा असंही नाही, पूर्वेकडून रेशीम आणि कापड यायचं, आणि सेतो समुद्रातलं युगेशिमा बेट क्योतोच्या तोजी मंदिराला नेंगू म्हणून चक्क मीठ पाठवायचं. तेराव्या शतकाच्या शेवटाकडे बऱ्याच ठिकाणी नाण्यांत भरणा सुरू झाला. तुमची कादंबरी या काळातली असेल तर पुढचं बरंचसं लागू होत नाही, पण कारकून "पाच" म्हणतोय म्हणजे ती एदो काळातलीच, १६०३ ते १८६८ मधली.)

आता आकडा कुठून आला. तोयोतोमी हिदेयोशी या सगळा देश एका सत्तेखाली आणणाऱ्या सेनानीनं १५८२ पासून १५९८ मध्ये मरेपर्यंत देशभर जमीन मोजणी करवली, तिला ताइको केन्ची म्हणतात. त्याच्या आधी प्रत्येक सरदाराची काठी वेगळी, माप वेगळं, आणि बरेच जण तर गावांनी स्वतः लिहून दिलेल्या यादीवर भागवायचे. हिदेयोशीनं काठी ठरवून दिली, ६ शाकू ३ सुन, म्हणजे साधारण १.९ मीटर. तान हे क्षेत्राचं एकक आधी ३६० बू (बू म्हणजे एक काठी लांब, एक काठी रुंद चौकोन) होतं ते ३०० बू केलं, म्हणजे तीच जमीन कागदावर जास्त तान झाली. धान्य मोजायला क्योतोचं लाकडी चौकोनी माप, मासू, सगळीकडे लागू केलं. मग शेताची प्रत लावली. उत्तम भातशेतीला तानामागे १.५ कोकू, मध्यमला १.३, कनिष्ठला १.१, आणि त्याहून खालच्या शेताचं जागेवर बघून ठरवायचं. क्षेत्र गुणिले प्रत, गावातल्या सगळ्या शेतांची बेरीज, झाला गावाचा कोकुदाका.

कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, वजनात दीडेकशे किलो तांदूळ, ढोबळमानानं एका माणसाचं वर्षाचं पोट. तान आजच्या मापात जवळपास १० गुंठे. आणि गंमत म्हणजे ज्वारी-बाजरीसारखी पिकं घेणारं कोरडवाहू रान असो, घराची जागा असो, सगळ्याची किंमत तांदळाच्या कोकूंतच लावायची, तिथे भाताची काडी उगवत नसली तरी. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा आकडा "इथे एवढा तांदूळ पिकतो" असं म्हणतच नव्हता. तो म्हणत होता की ही जमीन एवढ्या तांदळाच्या लायकीची धरलेली आहे.

मापांमध्ये केलेली हातचलाखी मला फार आवडते म्हणजे वाचायला आवडते. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, तोकुगावा सरकारनं पुढे मोजणीची काठी ६ शाकू १ बूवर आणली (हा बू लांबीचा, सुनचा दहावा भाग), काठी आखूड म्हणजे जमीन मोठी. आणि १६६९ मध्ये सगळ्या देशासाठी नवीन मासू ठरवला. जुना होता ५ सुन लांब, ५ सुन रुंद, २.५ सुन खोल. नवा ४.९ लांब, ४.९ रुंद, २.७ खोल. वरून बघितलं तर छोटा दिसतो ना, पण गुणाकार करा, जुना ६२.५ आणि नवा ६४.८, म्हणजे जवळपास ४ टक्के जास्त धान्य मावतं. मुद्दाम केलं का हे त्यांचं त्यांना माहीत, पण टक्केवारीला हात न लावता वसूल वाढवायचे रस्ते किती असतात ते यातून दिसतं.

हाच आकडा वरच्या लोकांची इभ्रतही ठरवायचा. १०,००० कोकू किंवा जास्त असेल तर तुम्ही दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, आणि किती सैनिक पुरवायचे, एदोत किती लवाजमा घेऊन यायचं, दरबारात कुठे बसायचं, सगळं त्यावरून. कागाचे माएदा १० लाखांच्या वर, सगळ्यात मोठे. उत्तरेला मात्सुमाए नावाचं संस्थान होतं जिथे भात पिकतच नव्हतं, आइनू लोकांशी व्यापारावर चालायचं, तरी त्यांना १०,००० कोकूंच्या दर्जाचं धरायचे कारण दुसऱ्या भाषेत प्रतिष्ठा लिहिताच येत नव्हती. आणि कागदावरचा आकडा एक, प्रत्यक्षातला दुसरा, हे सगळ्यांना माहीत असायचं, दोन्हींना वेगळे शब्दसुद्धा होते.

या प्रतिष्ठेच्या नादात काय होऊ शकतं त्याचं उदाहरण क्यूशूमधलं शिमाबारा. मात्सुकुरा घराण्याचं संस्थान ४० हजार कोकूंच्या आसपासचं, पण किल्ला बांधला औकातीबाहेरचा, एदोच्या किल्ल्याच्या कामात हौसेनं मोठा वाटा उचलला, आणि तो खर्च भागवायला जमीन परत मोजून गावांचे आकडे फुगवले. १६३७ मध्ये उठाव झाला, त्यात ख्रिश्चन छळाचा भाग मोठा होताच, पण कराचा भागही तेवढाच. उठाव चिरडल्यावर सरकारनं मात्सुकुरा कात्सुइएचा शिरच्छेद केला. दाइम्योला पोट फाडून मरायचा मान असायचा, तोही दिला नाही, यावरून एदोचा राग कळतो.

बरं, आता गावात येऊ. तुमच्या गोष्टीतला कारकून ज्या कागदासह येतो त्याला नेंगू वारित्सुकेजो म्हणतात. ही कागदं हजारोंनी शिल्लक आहेत आणि एक वाचता आलं की बाकीची येतात कारण साचा ठरलेला. वर गावाचं नाव आणि एकूण कोकुदाका. खाली वजावटी, नदीनं खाल्लेलं रान, वाळू भरलेलं शेत, रस्त्यात गेलेली जमीन. मग उरलेल्या आकड्याला भात, कोरडवाहू, घरजागा असं फोडून प्रत्येकाचा दर. मग एकूण किती कोकू द्यायचे. शेवटी एक वाक्य की गावातल्या लहानमोठ्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून कुणावर अन्याय न होता वाटून घ्यावं आणि अमुक तारखेच्या आत पूर्ण भरावं. खाली अधिकाऱ्याचा शिक्का, आणि कागद कुणाच्या नावे तर गावचा मुखिया आणि समस्त शेतकरी.

ते "एकत्र बसून वाटून घ्यावं" ही सगळ्या कागदातली सगळ्यात कडक ओळ आहे. सरकारला रामाचं किती आणि गोविंदाचं किती याच्याशी घेणंदेणं नाही. गावाची जबाबदारी सामुदायिक, याला मुराउके म्हणायचे. मुखियाला पूर्वेकडे नानुशी म्हणायचे, पश्चिमेकडे शोया. त्याच्याबरोबर त्याचे मदतनीस आणि शेतकऱ्यांचा एक प्रतिनिधी, जो मुख्यतः मुखियाच्या हिशोबावर नजर ठेवायला. एखादा शेतकरी भरू शकला नाही तर त्याच्या पाच घरांच्या गटानं भरायचं, तेही जमलं नाही तर गावानं. माणूस पळून गेला तर त्याची पडीक जमीन बाकीच्यांनी कसायची आणि त्याचा नेंगूही भरायचा. म्हणजे दर वाढला की गाव नुसतं सरकारवर चिडत नाही, एकमेकांकडेही बघायला लागतं, की आता यातला पहिला कोण बुडणार. कादंबरीतली रडारड मला त्यामुळे खोटी नाही वाटली. आणि मुखियाचं तर दोन्हीकडून मरण, वरून हुकूम आला की वसूल करायचा तो, आणि गाव पेटलं की पहिला दगड त्याच्याच कौलांवर. यातले काही मुखिया गावासाठी मेलेही. साकुराचा सोगोरो हा प्रसिद्ध, वाढीव करांविरुद्ध थेट शोगुनकडे, म्हणजे एदोतल्या सर्वोच्च सत्ताधीशाकडे, अर्ज केला म्हणून त्याला मारलं अशी कथा आहे, तिच्यात इतिहास किती आणि दंतकथा किती हा वाद वेगळा.

आता "पाच". दराला मेन म्हणतात आणि तो दहांत मोजतात. मेन पाच म्हणजे कोकुदाकाच्या ५० टक्के. चार म्हणजे ४०. चार पूर्णांक तीन असंही असतं. तर समजा गाव ४०० कोकूंचं आहे (एदो काळातलं सरासरी गाव साधारण एवढंच), मेन पाच, तर २०० कोकू तांदूळ द्यायचा. तांदूळ म्हणजे भात नाही, टरफल काढलेला पण पॉलिश न केलेला, निवडून, तावारामध्ये म्हणजे पेंढ्याच्या पोत्यांत भरून, नावाची चिठ्ठी आत घालून, ठरलेल्या बंदरापर्यंत पोचवून. कमी भरलं, ओलं निघालं, खडे निघाले तर परत. शिवाय वाटेत सांडासांडीचा म्हणून थोडा जादा, आणि कार्यालयाच्या कागद-शाईखर्चाचा म्हणून थोडा जादा, त्या दुसऱ्याला कुचीमाई म्हणायचे. टक्केवारी सांगताना हे कुणी धरत नाही.

पण दर ठरवायचा कसा, यातच खरी लढाई होती आणि इथे दोन पद्धती होत्या.

पहिली केमी. दरवर्षी पीक उभं असताना पाहणी. आधी गाव स्वतः शेतवार अंदाज लिहून देणार, मग कनिष्ठ कारकून येणार, मग मोठे अधिकारी. काही ठिकाणी एक त्सुबो म्हणजे साधारण ३.३ चौरस मीटर तुकडा कापायचा, झोडपायचा, मापायचा, भाताचा निम्मा तांदूळ धरायचा आणि त्यावरून सगळ्या प्रतीच्या शेतांचा हिशोब. आपल्याकडे पीक विम्यासाठी आणि पैसेवारीसाठी कापणी प्रयोग होतात ना, प्लॉट कुठला धरला यावरून गावात भांडणं होतात, अगदी तेच. फक्त आपल्याकडे पीक कमी दिसलं तर पैसे मिळतात आणि तिथे कमी दिसलं तर कमी जायचे, त्यामुळे कारकुनाला कुठल्या शेतात न्यायचं आणि आदल्या रात्री त्याचं जेवण कुणाकडे हे फार महत्त्वाचे विषय. सरबराईचा खर्च गावावर. आणि पाहणी होईपर्यंत पीक कापायचं नाही, मग पाहुणे उशिरा आले की पाऊस लागून दाणा गळणार, ते नुकसान कुणाच्या हिशोबात नाही.

दुसरी जोमेन. मागच्या काही वर्षांची सरासरी काढून दर ठरवून टाकायचा, तीन-पाच-दहा वर्षं तोच. पीक चांगलं आलं तर फायदा शेतकऱ्याचा, वाईट आलं तर तोटाही त्याचाच, अगदीच बुडालं तरच सूट. कागामध्ये हे १६५० च्या दशकात सुरू झालं होतं, शोगुनच्या स्वतःच्या मुलखात आठव्या शोगुननं, योशिमुनेनं, १७२० च्या दशकात लावलं. सरकारला बजेट कळतं, लाच आणि सरबराई वाचते. शेतकऱ्याला काय मिळतं? तर जास्त पिकवलं तर ते आपलं राहील याची खात्री. माझ्या मते ही गोष्ट कराच्या टक्केवारीहून मोठी होती, आणि गुजोमध्ये काय झालं ते बघितलं की तुम्हालाही पटेल.

गुजो म्हणजे आजच्या गिफू जिल्ह्यातलं डोंगरी गाव, आता तिथल्या उन्हाळ्यातल्या नाचासाठी प्रसिद्ध. कानामोरी घराण्याचं ३८ हजार कोकूंचं संस्थान. कर्जात बुडालेलं. १७५४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ठरलेला दर बंद, आता केमी, आणि तीही नवीन प्रकारची ज्यात दप्तरातली जुनी प्रत बाजूला ठेवून शेतात आत्ता जे उभं आहे तेच मोजायचं. म्हणजे बघा, आकडा खरा करणार होते. ऐकायला किती न्याय्य वाटतं! पण पिढ्यान्पिढ्या गावांनी जे सुधारलं होतं, बांध घातले, नवी खाचरं काढली, खत विकत आणलं, ते सगळं पहिल्यांदा सरकारला दिसणार होतं. शेतकरी वाड्यावर चालून गेले. संस्थाननं आधी माघार घेतल्यासारखं केलं, मग एदोतल्या ओळखी वापरून वरच्या सरकारी अधिकाऱ्याकडून तोच हुकूम पुन्हा काढवला. शेतकरी एदोला गेले, एका मंत्र्याची पालखी अडवून अर्ज दिला. नंतर तक्रारपेटीत, जी योशिमुनेनंच १७२१ मध्ये ठेवली होती, तिच्यात अर्ज टाकला. हे सगळं चार वर्षं चाललं. मध्येच गावं फुटली, लढणाऱ्यांना "उभे" म्हणायचे आणि गप्प बसलेल्यांना "झोपलेले". सह्या गोलाकार करायचे, छत्रीच्या काड्यांसारख्या, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळू नये. १७५८ मध्ये निकाल लागला. डझनाहून जास्त शेतकऱ्यांना मृत्युदंड. आणि कानामोरींचं संस्थान खालसा, शिवाय एदोत त्यांना मदत करणारा एक वरिष्ठ मंत्री बडतर्फ. शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून एवढ्या वरपर्यंत माणसं गेली असं एदो काळात दुसरं उदाहरण शोधायला कष्ट पडतात.

लक्षात घ्या, इथे भांडण दर वाढवला म्हणून नव्हतंच मुळात. आकडा कुठला धरायचा यावरून होतं.

आता अर्ध्या पिकाचा प्रश्न. पाठ्यपुस्तकात "चार सरकारचे सहा रयतेचे" आणि नंतर "पाच सरकारचे पाच रयतेचे" अशी वाक्यं असतात, हिदेयोशीच्या काळात तर दोन तृतीयांश सरकारचे असं तत्त्व. लोक ते वाचून सरळ अर्धं पीक म्हणतात. पण हे अर्धं आहे कोकुदाकाचं, आणि कोकुदाका सतराव्या शतकाच्या शेवटानंतर फारसा कुणी नव्यानं मोजलाच नाही. का नाही मोजला? खर्च प्रचंड, माणसं लागतात, आणि गुजोसारखं काही होण्याची भीती. नवीन फोडलेली जमीन मोजायचे, तीही सुरुवातीची काही वर्षं माफ करून. जुन्या शेतात मात्र उत्पन्न वाढत गेलं, सुकवलेले सार्डिन मासे खत म्हणून आले, चांगली अवजारं, नव्या जाती, आणि आकडा पणजोबांच्या वेळचा. आपल्या ४०० कोकूंच्या गावात समजा खरं उत्पन्न ६०० झालं, तर मेन पाचचे २०० म्हणजे एक तृतीयांश. वर कापूस, रेशमाचे किडे, निळीचं पीक, हिवाळ्यातलं गवत विणण्याचं काम, या कमाईला नेंगूचा हात नीट पोचतच नव्हता. थॉमस स्मिथ या अमेरिकन इतिहासकारानं १९५८ मध्ये काही गावांच्या कागदांवरून हेच दाखवलं होतं की आकडे दशकानुदशकं जागेवरच होते.

शोगुनच्या स्वतःच्या मुलखाचे आकडे बघा. १७४४ हे एदो काळातलं सगळ्यात जास्त वसुलीचं वर्ष. कोकुदाका सुमारे ४६ लाख ३० हजार, वसूल सुमारे १८ लाख कोकू. म्हणजे ३९ टक्के, आणि तेही कागदी आकड्याच्या. हे वर्ष कुणामुळे, तर कानओ हारुहिदे नावाच्या वित्त अधिकाऱ्यामुळे, ज्याच्या नावावर ते कुप्रसिद्ध वाक्य आहे की तिळाचं तेल आणि शेतकरी, पिळाल तेवढं निघतं. एवढं पिळून ३९. नंतर परत खाली, आणि १७८६ मध्ये, तेनमेईच्या दुष्काळाच्या काळात, १० लाख ८० हजारच्या आसपास.

पण म्हणून "शेतकरी मजेत होता" असं मी अजिबात म्हणणार नाही, हल्ली तो दुसरा टोकाचा सूर पण खूप ऐकू येतो. एक तर हा फायदा सारखा वाटला जात नव्हता. बागायती, शहराजवळच्या, मोठ्या खातेदाराला वाढीव उत्पन्न मिळायचं. ईशान्येकडच्या थंड डोंगरी गावात आकडा मुळातच जमिनीला न झेपणारा असू शकायचा, तिथे मेन तीन म्हणजेही उपास. आणि दुसरं, नेंगू हा एकटा कर नव्हता. डोंगर, सरपण, नदीतले मासे, लाखेची झाडं यांवर किरकोळ कर होते, त्यांना कोमोनोनारी म्हणायचे. कोकुदाकाच्या प्रमाणात वरचे भार वेगळे. आणि महामार्गाजवळच्या गावांना सुकेगो, म्हणजे दाइम्योंची मिरवणूक जाताना टपाल ठाण्यांना माणसं आणि घोडे पुरवायचे, तेही नेमकं लावणीच्या वेळी. अनेक गावांच्या अर्जांत नेंगूपेक्षा सुकेगोबद्दलचं रडगाणं जास्त असतं.

तांदळाचं पुढे काय व्हायचं हे थोडक्यात, कारण कादंबरीत कदाचित येईल. शोगुनचा तांदूळ एदोत आसाकुसाच्या कोठारांत, आजही त्या भागाचं नाव कुरामाए म्हणजे कोठारांसमोर. तिथून सामुराईंना पगार तांदळात. त्यांना मीठमिरचीला रोख हवी, म्हणून फुदासाशी नावाचे दलाल त्यांचा तांदूळ विकून द्यायचे आणि पुढच्या पगारावर कर्जही द्यायचे, १७२४ मध्ये अशा १०९ दलालांना परवाना मिळाला. पश्चिमेकडच्या संस्थानांचा तांदूळ ओसाकाला, तिथे त्याच्या पावत्यांचा बाजार, आणि १७३० मध्ये सरकारनं दोजिमाच्या वायदे बाजाराला अधिकृत मान्यता दिली. योशिमुनेची तर पंचाईतच, एका बाजूला नेंगू वाढवून तांदूळ गोळा करतोय आणि तांदूळ जास्त आला की भाव पडून त्याचेच सामुराई भिकेला लागतायत. लोक त्याला तांदूळ शोगुनच म्हणायचे.

शेवट १८७३ मध्ये. शोगुनची सत्ता गेल्यावर आलेल्या मेइजी सरकारनं जमिनीच्या मालकाच्या नावानं पत्र दिलं, जमिनीची किंमत ठरवली आणि तिच्या ३ टक्के रोख कर लावला. गावाची जबाबदारी गेली, तांदूळ गेला, कोकू गेला. आणि लोकांनी परत दंगे केले, कारण किमती अशा लावल्या होत्या की एकूण वसूल आधीइतकाच राहावा, शिवाय भाव पडला तरी कर तेवढाच. १८७६ च्या शेवटी मिए भागात मोठा उठाव झाला आणि पुढच्याच महिन्यात दर २.५ टक्क्यांवर आला. बांबूच्या भाल्यानं ढकलून काढले अडीच टक्के, अशी म्हण तेव्हा पडली.

पण शब्द नाही गेला, आणि इथे भाषांतर करणाऱ्यांची फसगत होते. १८७३ नंतरच्या गोष्टींत शेतकरी नेंगू म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो सरकारी कर नसतोच, तो कुळानं मालकाला द्यायचा खंड असतो, तांदळातच, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर कूळ जमिनींचं वाटप होईपर्यंत हा वापर चालू होता. त्यामुळे विसाव्या शतकातल्या कथेत सरळ "खंड" लिहा, वाचकाला लगेच कळेल. बोलीत एक वाक्प्रचारही उरलाय, नेंगू भरायची वेळ आली, म्हणजे आता सुटका नाही, भरपाई करा. फरार चोर पकडला गेला तरी वापरतात आणि एखादा बरेच दिवस टाळून शेवटी लग्नाला उभा राहिला तरी, तेव्हा संवादात तो आला तर करबिर काही लिहू नका.

तुमच्या एदो काळातल्या कादंबरीसाठी मी असं करेन: निवेदनात नेंगू शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे "गावावर बसवलेला वर्षाचा तांदूळ" असं वाक्यातच गुंफून सांगा, शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र "सारा" चालेल कारण नेंगू म्हणत म्हणत कुणी शिव्या देत नाही मराठीत. "खंडणी" अजिबात नको, त्यात लुटारूपणा येतो आणि हा कर गावालाही मान्य होता, भांडण फक्त कितीवर. आणि कारकुनाचं "यंदा पाच" तसंच ठेवा. फक्त आधीच्या पानांत गेल्या वर्षी किती होता ते लेखकानं कुठेतरी सांगितलंय का बघा, कारण चारावरून पाच झाला असेल तर आपल्या ४०० कोकूंच्या गावाला ते एका वर्षात ४० कोकू जादा, म्हणजे चाळीस माणसांचा वर्षाचा तांदूळ.